क्रोनोग्राफच्या सर्व्हिसचं बिल: घड्याळ काउंटरवर ठेवण्याआधी काय ठरवायचं

तीन काट्यांच्या साध्या मेकॅनिकल घड्याळाच्या मालकाला सर्व्हिसचं बिल महाग वाटतं. क्रोनोग्राफच्या, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाच्या, मालकाला बहुतेक वेळा ते बिल समजतच नाही. एकाच कंपनीची, जवळपास एकाच किमतीची दोन घड्याळं घेतली, तरी क्रोनोग्राफच्या सर्व्हिसचा दर साधारण सव्वापट ते दीडपट लागतो, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. मग त्याखाली पुशर (क्रोनोग्राफची बटणं), काटे, केसचं पॉलिश अशा ओळी येत जातात आणि आकडा फुगतो.

यातलं काय अटळ आहे आणि काय टाळता येतं, हे घड्याळ हातातून सोडण्यापूर्वीच बरंचसं ठरवता येतं. रकमा देशागणिक आणि दरवर्षी बदलतात, म्हणून इथे प्रमाणं आणि कारणं दिली आहेत. अनेक मोठ्या कंपन्या सर्व्हिसचे मूळ दर आपल्या संकेतस्थळावर देतात. तो आकडा शेजारी ठेवून पुढचं वाचलं तर जास्त उपयोग होईल.

पैसे कशाचे जातात

संपूर्ण सर्व्हिस म्हणजे घड्याळ उघडून दोन थेंब तेल सोडणं नव्हे. आधी घड्याळ टाइमग्राफर या चाल मोजणाऱ्या यंत्रावर लावून तपासतात. मग मूव्हमेंट (आतली यंत्रणा) केसमधून (बाहेरच्या पेटीतून) बाहेर काढतात, काटे आणि डायल उतरवतात, आणि प्रत्येक भाग सुटा करतात. सुटे भाग यंत्रात वेगवेगळ्या द्रावणांतून धुऊन वाळवले जातात. प्रत्येक अक्षाचं टोक आणि प्रत्येक दाता भिंगाखाली पाहिला जातो. मेनस्प्रिंग (चावीची ऊर्जा साठवणारी स्प्रिंग) आणि गॅस्केट (पाणी अडवणाऱ्या कड्या) सहसा बदलतातच. त्यानंतर जुळणी, आणि जुळणीबरोबर वंगण. वंगणही एकच नसतं. वेगाने फिरणाऱ्या बारीक अक्षांना मोबियस ९०१० सारखं पातळ तेल, पॅलेट या ठोके देणाऱ्या तरफेच्या खड्यांना ९४१५ सारखं घट्टसर वंगण, आणि जिथे दाब जास्त व गती कमी तिथे आणखी जाड तेल. थेंब मोठा पडला तर तो पसरून जायला नको तिथे जातो, छोटा पडला तर दोन वर्षांत सुकतो.

इथपर्यंतचं काम साध्या घड्याळातही असतं. क्रोनोग्राफमध्ये यानंतर दुसरा डाव सुरू होतो. झेनिथच्या एल प्रिमेरो ४०० मध्ये एकूण २७८ भाग आहेत. साध्या ऑटोमॅटिक घड्याळात याच्या निम्मेच असतात. पण खर्च भागांच्या संख्येपेक्षा ते एकमेकांशी जुळवण्यात जास्त जातो. स्टार्टचा पुशर दाबला की चालू मूव्हमेंटला क्रोनोग्राफचं चक्र जोडलं जातं. रीसेट दाबलं की हॅमर नावाच्या तरफा हृदयाच्या आकाराच्या कॅमवर आदळतात आणि काटे शून्यावर येतात. पारंपरिक रचनेत हे जोडणं (क्लच) दोन चक्रांचे दाते एकमेकांत शिरून होतं, आणि ते किती खोल शिरावेत हे एका बाजूला झुकलेल्या मध्याचा (एक्सेंट्रिक) स्क्रू किंचित फिरवून ठरवावं लागतं. खोली जास्त झाली तर घड्याळ मंदावतं किंवा थांबतं. कमी झाली तर काटा थरथरतो, अडखळतो. मिनिटांचा काटा बरोबर ६० सेकंदांनी उडी मारतो की आधी-नंतर, सगळे हॅमर एकाच क्षणी बसतात का, ब्रेक सेकंदकाट्याला जागच्या जागी धरतो का, हे सगळं हाताने आणि डोळ्याने जमवावं लागतं.

काट्यांचंही तसंच. मधला क्रोनोग्राफ सेकंदकाटा प्रत्येक रीसेटला झटका खातो, म्हणून तो अक्षावर घट्ट बसलेला लागतो. दरवेळी काढताना आणि बसवताना त्याच्या नळीची पकड थोडी सैल होते. चार-पाच सर्व्हिस झालेल्या घड्याळात काटा बदलायची वेळ येते ती याच कारणाने. शेवटी केसमध्ये बसवून पाणीरोधक चाचणी, आणि काही दिवस वेगवेगळ्या स्थितींत चाल तपासणी, एकदा क्रोनोग्राफ बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून. बिलातल्या "लेबर" या एका शब्दामागे हे सगळं असतं. दर पाडून मागितला तर बहुतेक वेळा या शेवटच्या तपासणीलाच कात्री लागते.

पहिली पायरी: कॅलिबर ओळखा

कॅलिबर म्हणजे मूव्हमेंटचं मॉडेल. डायलवरचं नाव अर्धीच गोष्ट सांगतं. तीच कंपनी एका मॉडेलमध्ये बाहेरून घेतलेली मूव्हमेंट वापरते, दुसऱ्यात स्वतःची. दोन्हींच्या सर्व्हिसचा खर्च, तो करू शकणारे हात आणि भागांची उपलब्धता वेगवेगळी. घड्याळाचा रेफरन्स क्रमांक केसबॅकवर, लग्जच्या (पट्टा जोडायच्या टोकांच्या) मधोमध किंवा वॉरंटी कार्डावर असतो. तो शोधला की कॅलिबर कळतं. कागद नसतील तर डायलची मांडणीही बरंच सांगून जाते.

छोट्या तबकड्या १२, ६ आणि ९ वर असतील आणि ३ वर वार-तारीख असेल तर आत बहुधा ईटीए ७७५० किंवा तिच्यावर बेतलेली सेलिटा एसडब्ल्यू ५०० आहे. व्हाल्जू ७७५० (याच ईटीए ७७५० चं मूळ नाव) ही १९७० च्या दशकात एडमंड काप्त यांनी आखलेली मूव्हमेंट. क्रोनोग्राफ चालू-बंद करायला कॉलम व्हील या खांबांच्या चक्राऐवजी साधा कॅम, दात्यांच्या क्लचऐवजी डुलणारं छोटं पिनियन, आणि सगळी रचना मोठ्या संख्येने बनवता येईल अशी. जाड आहे (७.९ मिलिमीटर), रोटर (हात हलला की फिरून चावी देणारं वजन) मोकळ्या दिशेला फिरताना मनगटावर हिसका जाणवतो, दिसायला फारशी देखणी नाही. पण सर्व्हिसच्या दृष्टीने यासारखं सुख नाही. प्रशिक्षित घड्याळजीने ती कित्येकदा उघडलेली असते आणि भाग मिळण्याचे मार्ग त्याला माहीत असतात. महागड्या नावाच्या केसमध्ये ७७५० असणं कमीपणाचं मानणारे लोक आहेत. बिल भरायची वेळ आली की त्यांचं मत थोडं मवाळ होतं.

ओमेगा स्पीडमास्टर हे याहून गुंतागुंतीचं उदाहरण, कारण नाव एक आणि आतली मशीन्स अनेक. सुरुवातीच्या काळातली ३२१ कॉलम व्हीलची. १९६८ पासून ८६१, मग १८६१. या कॅमवर चालणाऱ्या, लेमानिया या स्विस मूव्हमेंट कंपनीच्या घराण्यातल्या, आणि बाहेरच्या चांगल्या कारागिरांच्या ओळखीच्या. २०२१ पासून नेहमीच्या मूनवॉचमध्ये ३८६१ आहे: को-अॅक्सिअल एस्केपमेंट (ठोके देणारी वेगळ्या रचनेची यंत्रणा), सिलिकॉनची हेअरस्प्रिंग (चाल ठरवणारी बारीक स्प्रिंग) आणि अचूकतेचं मास्टर क्रोनोमीटर प्रमाणपत्र. घड्याळ कोणत्या वर्षाचं ते पडताळून पाहिलं नाही तर दोन वेगळ्याच खर्चांची तुलना होते. को-अॅक्सिअल यंत्रणेला वंगण कुठे आणि किती लावायचं याचं वेगळं शिक्षण लागतं, म्हणून ३८६१ बाबत कंपनी किंवा तिच्या मान्यतेचा कारागीर हाच व्यवहार्य रस्ता.

रोलेक्स डेटोनाचं तसंच. १९८८ पूर्वीच्या, हाताने चावी द्यायच्या घड्याळांत व्हाल्जू ७२ वर आधारलेली मूव्हमेंट होती. १९८८ ते २००० या काळात ४०३०, म्हणजे एल प्रिमेरो घेऊन तिची गती तासाला ३६,००० वरून २८,८०० ठोक्यांवर आणलेली आणि बराच बदल केलेली. २००० पासून कंपनीची स्वतःची ४१३०, आणि २०२३ पासून ४१३१. यातली ४१३० सर्व्हिसच्या हिशेबाने फार समजूतदार रचना आहे. तिच्यात क्रोनोग्राफचे भाग आधीच्या मूव्हमेंटपेक्षा बरेच कमी आहेत आणि व्हर्टिकल क्लच आहे. व्हर्टिकल क्लचमध्ये दाते दात्यांत शिरत नाहीत. मोटारीतल्या क्लचसारख्या चकत्या वरून दाबल्या जातात. त्यामुळे काटा सुरुवातीला उडी मारत नाही आणि क्रोनोग्राफ चालू असताना घड्याळावर फारसा ताण येत नाही. ब्राइटलिंगची २००९ ची बी०१ आणि तिच्यावर आधारलेली ट्यूडरची एमटी५८१३ याही याच पद्धतीच्या. पण या क्लचचा अख्खा जोड खराब झाला तर तो सहसा दुरुस्त करत नाहीत, बदलतात, आणि तो भाग बाहेर मिळेलच असं नाही.

खरी सावधगिरी बाळगायची ती मॉड्यूलवाल्या क्रोनोग्राफमध्ये. एखाद्या पातळ ऑटोमॅटिक मूव्हमेंटवर, उदाहरणार्थ ईटीए २८९२ वर, क्रोनोग्राफचा वेगळा थर बसवलेला असतो. द्युबुआ देप्राझ ही स्विस कंपनी असे थर अनेक कंपन्यांना पुरवते. ओळखायच्या दोन सोप्या खुणा: क्राउन (चावी द्यायची घुंडी) आणि पुशर एका रेषेत नसतात, थोडे वर-खाली दिसतात, आणि तारखेची चकती खिडकीत खोल गेलेली वाटते. काही कारागीर हे मॉड्यूल उघडतात, बरेचजण उघडत नाहीत. मॉड्यूल पूर्ण बदलायचं कोटेशन आलं तर ते लुबाडणं असेलच असं नाही, पण "मूळ मूव्हमेंटची सर्व्हिस आणि मॉड्यूलचा बदल यांचे दर वेगळे करून द्या" एवढं मागायचा हक्क नक्की आहे.

आणि सगळ्यात वरचा थर: रात्रापांत म्हणजे दोन सेकंदकाट्यांची घड्याळं, आणि १९९९ मध्ये आलेल्या लांगेच्या डाटोग्राफसारखी किंवा पाटेक फिलिपच्या सीएच २९-५३५ सारखी हाताने फिनिश केलेली मशीन्स. इथे निवड करण्यासारखं काही नाही. ती कारखान्यात जातात, महिनोन्महिने तिथे राहतात, आणि तो खर्च घड्याळ घेतानाच किमतीत धरलेला बरा.

दुसरी पायरी: सर्व्हिस खरंच लागते आहे का

वाया जाणारा पैसा सगळ्यात जास्त इथे जातो, दोन्ही बाजूंनी: गरज नसताना सर्व्हिस करून, आणि गरज असताना टाळून.

कंपन्यांचं मार्गदर्शन सारखं नाही. रोलेक्स आजच्या घड्याळांसाठी साधारण १० वर्षं सांगते, ओमेगा ५ ते ८ वर्षं. वॉरंटीही वाढल्या आहेत: रोलेक्स आणि ओमेगा नव्या घड्याळांना ५ वर्षं देतात, आणि आयडब्ल्यूसी, जेगर-लेकुल्त्र यांच्याकडे नोंदणी केल्यास ती ८ वर्षांपर्यंत जाते. नोंदणी फुकट आहे आणि तरीही अनेकजण करत नाहीत. घड्याळ वॉरंटीत असेल तर तक्रार कितीही किरकोळ वाटली तरी ती मुदतीतच नोंदवा. रीसेटला काटा शून्याच्या अर्धी रेघ पुढे थांबतो, यासारखी गोष्ट फुकटात होते तेव्हाच करून घ्यायची.

घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जायला लागलं तर सर्व्हिसचा विचार करण्याआधी चुंबकत्व तपासा. बॅगेचं कुलूप, फोनचं कव्हर, स्पीकर, टॅबलेटचं झाकण यांतल्या चुंबकांमुळे पोलादी हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळायला लागतं. होकायंत्राजवळ धरून सुई हलते का पाहा. चुंबकत्व काढणाऱ्या डीमॅग्नेटायझरवर काही सेकंदांचं काम आहे, आणि त्यासाठी पूर्ण ओव्हरहॉल सुचवणाऱ्याकडून घड्याळ परत घेऊन यावं.

बाकी तपासणीसाठी टाइमग्राफरचे आकडे मागा. अनेक घड्याळजी हे लगेच करून देतात. तीन आकडे दिसतात: दिवसाचा फरक सेकंदांत, बीट एरर (टिक आणि टॉक यांच्या वेळेतला फरक) मिलिसेकंदांत, आणि अॅम्प्लिट्यूड अंशांत. अॅम्प्लिट्यूड म्हणजे बॅलन्स व्हील (चाल ठरवणारं डुलतं चक्र) मधल्या स्थितीपासून एका बाजूला किती फिरतं. पूर्ण चावी दिलेलं, डायल वर करून ठेवलेलं निरोगी घड्याळ साधारण २७० ते ३१० अंश दाखवतं. यंत्रात त्या कॅलिबरचा लिफ्ट अँगल (हा आकडा काढायला लागणारा, कॅलिबरगणिक वेगळा कोन) भरला आहे ना, तेही विचारा. ७७५० साठी तो ४९ अंश आहे, आणि बऱ्याच यंत्रांत मुळात ५२ असतो. तेवढ्याने आकडा खोटा येतो.

मग तीच मोजणी क्रोनोग्राफ चालू करून. दात्यांच्या क्लचमध्ये अॅम्प्लिट्यूड थोडा उतरणारच. पण तो ४० अंशांहून जास्त कोसळला, किंवा क्रोनोग्राफ सुरू करताच घड्याळ दिवसाला खूप मागे पडायला लागलं, तर क्रोनोग्राफचा भाग सुकला आहे किंवा चुकीचा जुळवला आहे. क्रोनोग्राफ बंद असताना २८० आणि चालू असताना २१० दाखवणारं घड्याळ रोजच्या वापरात उत्तम वाटतं, आणि आतून झिजत असतं.

घरी पाहण्यासारखी लक्षणं: चावी पूर्ण असूनही घड्याळ ठरलेल्या तासांआधी बंद पडणं, पुशर आधीपेक्षा कडक होणं किंवा दाबल्यावर परत न येणं, मिनिटांचा काटा दोन रेघांच्या मध्ये थांबणं, काचेखाली वाफ. शेवटचं दिसलं तर वाट पाहू नका. पाणी आत गेलेलं घड्याळ त्याच आठवड्यात उघडलं तर सफाईवर भागतं, दोन महिन्यांनी गंजलेल्या भागांची यादी होते. दात्यांच्या क्लचच्या घड्याळात स्टार्टला सेकंदकाटा किंचित उडी मारतो, तो मात्र दोष नाही.

आणि केवळ पोहण्यासाठी घड्याळ वापरायचं असेल तर गॅस्केट बदल आणि दाबचाचणी एवढंच वेगळं करून मिळतं. पूर्ण सर्व्हिसच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो.

तिसरी पायरी: कुणाकडे द्यायचं

कंपनीच्या सेवाकेंद्राचा फायदा उघड आहे: मूळ भाग, ठरलेला दर, आणि कामावर वॉरंटी. रोलेक्स आणि ओमेगा दोन्ही सर्व्हिसवर २ वर्षांची हमी देतात. तोटा असा की कंपनी घड्याळाकडे नव्यासारखं करून देण्याच्या नजरेने पाहते. तिला जे भाग तिच्या मापात बसत नाहीत ते ती बदलणार, आणि "एवढंच करा, बाकी राहू द्या" हे ऐकून घेण्याची तयारी केंद्रागणिक वेगळी असते. काही वेळा अर्धवट काम करण्यापेक्षा ते घड्याळ तसंच परत पाठवतात.

स्वतंत्र घड्याळजी बहुतेक वेळा स्वस्त पडतो, लवकर देतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्याशी बोलता येतं. अडचण भागांची. गेल्या काही दशकांत मोठ्या कंपन्यांनी सुटे भाग बाहेर विकणं आटवत आणलं आहे. युरोपातल्या स्वतंत्र दुरुस्ती कारागिरांच्या संघटनेने याविरुद्ध युरोपियन कमिशनकडे तक्रार नेली होती. २०१४ मध्ये कमिशनने ती फेटाळली आणि २०१७ मध्ये युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टाने तो निर्णय कायम ठेवला. म्हणून आज पहिला प्रश्न "किती घेणार?" हा नसावा. "या कॅलिबरचे भाग तुम्हाला कुठून मिळतात?" हा असावा. त्याच्याकडे त्या कंपनीचं भागांचं खातं असेल तर बाकीचं बोलणं सोपं. "बघू, मिळेल कुठून तरी" हे उत्तर ७७५० ला चालतं, ४१३० ला नाही.

त्याबरोबर हेही विचारा:

- हे कॅलिबर याआधी उघडलं आहे का, आणि वोस्टेप या स्विस घड्याळजी-प्रशिक्षण संस्थेसारखं प्रशिक्षण आहे का?
- काम इथेच होणार की दुसऱ्याकडे पाठवणार?
- क्रोनोग्राफचा भाग पूर्ण सुटा करणार, की फक्त मूळ मूव्हमेंट धुणार?
- माझीच मूव्हमेंट परत येणार ना?

तिसरा प्रश्न आगाऊ वाटेल, पण स्वस्त कोटेशनचं रहस्य अनेकदा तिथेच असतं. चौथाही महत्त्वाचा. सर्वसामान्य मूव्हमेंटच्या बाबतीत काही ठिकाणी दुरुस्तीऐवजी अख्खी मूव्हमेंटच बदलतात, कारण त्यात मजुरी वाचते. घड्याळ नवं आणि साधं असेल तर त्यात गैर काही नाही. जुनं असेल तर घड्याळाची ओळखच बदलते, म्हणून आधी विचारून घ्यायचं.

माझं मत विचाराल तर: वॉरंटी संपलेली ७७५०, १८६१ किंवा त्या पठडीतली घड्याळं चांगल्या स्वतंत्र कारागिराकडे, व्हर्टिकल क्लच, को-अॅक्सिअल आणि सिलिकॉन असलेली कंपनीकडे, आणि ५० वर्षांपूर्वीची घड्याळं जुन्यांत मुरलेल्या माणसाकडे, मग तो कितीही वेळ घेवो.

चौथी पायरी: कोटेशन ओळीओळीने वाचा

एकच रक्कम लिहिलेलं कोटेशन स्वीकारू नका. मूव्हमेंटची सर्व्हिस, सर्व्हिसमध्ये धरलेले भाग, वेगळे आकारलेले भाग, केस आणि ब्रेसलेटचं फिनिशिंग, वाहतूक आणि विमा, कर, असे तुकडे वेगळे दिसायला हवेत. कोटेशन नाकारलं तर तपासणीचं किंवा परत पाठवण्याचं शुल्क लागतं का, तेही याच वेळी विचारायचं. विम्यात घड्याळाची किती किंमत धरली आहे, ही ओळ लोक वाचत नाहीत. ती आजच्या बाजारभावाच्या जवळ असावी, खरेदीच्या जुन्या पावतीची नव्हे.

पॉलिश ही सगळ्यात जास्त वाद होणारी ओळ. कंपनीच्या पूर्ण सर्व्हिसमध्ये ते सहसा अंतर्भूत असतं, म्हणून "फुकट आहे तर करून घेऊ" असं वाटतं. पॉलिश म्हणजे केसवरचा धातू घासून काढणं. लग्जच्या कडा, उतरत्या चिरा, घासलेल्या आणि चकचकीत पृष्ठभागांमधली धारदार रेघ, हे दोन-तीन पॉलिशमध्ये गोल होतं आणि परत येत नाही. पुढे विकताना घेणारा पहिल्यांदा तेच बघतो. रोज वापरायचं, विकायचं नसलेलं घड्याळ असेल तर हलकं फिनिशिंग ठीक. बाकी वेळी फॉर्मवर स्पष्ट लिहा: "केस व ब्रेसलेट पॉलिश करू नये." तोंडी सांगणं पुरेसं नाही, कारण काउंटरवरचा माणूस आणि पॉलिश करणारा माणूस वेगळे असतात.

भागांच्या ओळींत क्राउन, पुशर आणि त्यांच्या नळ्या दिसल्या तर घासाघीस करू नका. क्रोनोग्राफच्या केसमध्ये साध्या घड्याळापेक्षा दोन छिद्रं जास्त असतात, आणि पाणी तिथूनच शिरतं. मेनस्प्रिंगही बदलू द्या. काच ओरखड्यांसाठी बदलायची की नाही हा हौसेचा प्रश्न. डायल आणि काटे बदलायचं कोटेशन मात्र कारण आणि फोटो मागितल्याशिवाय मंजूर करू नये.

काढलेले जुने भाग परत मिळावेत, असं सुरुवातीलाच लिहून द्या. काही कंपन्या बदललेला डायल किंवा काटे परत देत नाहीत, किंवा परत हवे असतील तर जास्त आकारतात. ही अट काम सुरू होण्याआधी कळली पाहिजे.

जुनं घड्याळ असेल तर

१९६९ हे स्वयंचलित क्रोनोग्राफचं वर्ष. त्याच वर्षी झेनिथची एल प्रिमेरो, होयर-ब्राइटलिंग आणि सहकाऱ्यांची कॅलिबर ११, आणि सेको ६१३९ आल्या. तिन्हींची सर्व्हिस आज तीन वेगळ्या प्रकारची कसरत आहे. एल प्रिमेरोचा वंश अजून चालू असल्याने तिला आधार आहे. कॅलिबर ११ मॉड्यूलवाली आणि बंद झालेली, तिचे भाग दुसऱ्या मृत मूव्हमेंटमधून काढावे लागतात, आणि त्या मूव्हमेंटची किंमत बिलात येते. सेकोची ६१३९ बाजारात एके काळी स्वस्त होती. त्यामुळे तिच्यावर वर्षानुवर्षं वाईट हातांनी काम झालेलं असतं, आणि आधीच्या दुरुस्तीची दुरुस्ती करणं हे सगळ्यात वेळखाऊ काम.

अशा घड्याळांत मूळ डायल आणि काटे हे किमतीचा मोठा हिस्सा असतात. त्यांवरचा चमकणारा लेप १९६० च्या सुरुवातीपर्यंत बहुधा रेडियमचा, त्यानंतर १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ट्रिटियमचा. तो पिवळा पडला, चमकत नाही, म्हणून नवा लावून घेतला तर घड्याळ अंधारात चमकेल आणि किंमत घसरेल. रेडियमचा लेप भुसभुशीत झाला असेल तर घड्याळ घरी उघडू नका; त्याची धूळ श्वासातून जाणं धोक्याचं.

हिशेब कसा मांडायचा

साध्या घड्याळाच्या कंपनी सर्व्हिसला १०० एकक समजा. क्रोनोग्राफची तीच सर्व्हिस १४० धरा. त्यात पुशर आणि क्राउन मिळून २०, वाहतूक आणि विमा १०. झाले १७०. सात वर्षांतून एकदा करायचं म्हटलं तर वर्षाला साधारण २४ एकक बाजूला टाकायचे. हे उदाहरण आहे. तुमच्या कंपनीचा आकडा १०० च्या जागी घालून पाहा. ही रक्कम वर्षाला जड वाटत असेल तर घड्याळ घेण्याआधीच ते कळलेलं बरं.

वापरलेलं घड्याळ घेताना याच हिशेबाचा उपयोग होतो. सर्व्हिसची तारीख, केंद्राचं नाव आणि केलेल्या कामाची यादी असलेला कागद नसेल, तर सर्व्हिस झालेली नाही असं धरून पूर्ण रक्कम किमतीतून वजा करूनच बोली लावायची. "नुकतीच सर्व्हिस झाली आहे" या वाक्याला कागदाविना शून्य किंमत. विकणारा खरा असला तरी.

काही सवयींनी दोन सर्व्हिसमधलं अंतर वाढतं. क्रोनोग्राफ चालू असताना रीसेट दाबायचं नाही, फ्लायबॅक (चालू असतानाच रीसेट करता येणारी रचना) असेल तरच. पाण्याखाली पुशर दाबायचे नाहीत, आणि डेटोनासारखे स्क्रूचे पुशर असतील तर पाण्यात उतरण्याआधी ते घट्ट बसले आहेत ना पाहायचं. ७७५० मध्ये रात्री ८ ते २ या वेळात तारीख झटपट पुढे सरकवायची नाही. तेव्हा तारखेची चक्रं आधीच गुंतलेली असतात. दात्यांच्या क्लचचं घड्याळ शोभेसाठी कायम क्रोनोग्राफ चालू ठेवून वापरायचं नाही. मात्र महिन्यातून एकदा स्टार्ट-स्टॉप-रीसेट जरूर करावं, म्हणजे बिघाड वॉरंटीत असतानाच कळतो.

परत आल्यावर

काउंटरवरच क्रोनोग्राफ सुरू करा आणि पूर्ण दोन मिनिटं चालू द्या. मिनिटांचा काटा उडी कुठे मारतो पाहा. थांबवा, काटा सरकला तर ब्रेक नीट नाही. रीसेट पाच-सहा वेळा करा, दरवेळी तिन्ही काटे नेमके शून्यावर यायला हवेत. तारीख मध्यरात्रीच्या आसपास बदलते का ते काटे फिरवून बघा. केसच्या कडा पाठवण्याआधी काढलेल्या फोटोंशी ताडून पाहा. हे फोटो काढून ठेवणं म्हणूनच गरजेचं. टाइमग्राफरचे सर्व्हिसनंतरचे आकडे, दाबचाचणीचा निकाल आणि बदललेल्या भागांची यादी कागदावर मागून घ्या.

पुढचे दोन आठवडे घड्याळ रोज वापरून फरक लिहून ठेवा. प्रमाणित क्रोनोमीटरसाठी सीओएससी या स्विस प्रमाणन संस्थेची मर्यादा दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद आहे, रोलेक्स स्वतःला उणे २ ते अधिक २ मध्ये बांधते. जुन्या घड्याळाकडून एवढी अपेक्षा नको, पण फरक रोज साधारण सारखा हवा; एक दिवस अधिक ३ आणि दुसऱ्या दिवशी उणे १२ असं होत असेल तर हमीत परत पाठवा. आणि हमी संपायच्या महिनाभर आधी पुन्हा एकदा टाइमग्राफर आणि दाबचाचणी करून घ्या, क्रोनोग्राफ बंद ठेवून आणि चालू ठेवून, दोन्ही.